दगडावरचा कोस्तास

६ फेब्रुवारी
नोव्हेंबरपासून एक ओळ नाही. वहीची माफी मागायला हवी. मीना सलमान बंदरात दोन जहाजं एकदम दुरुस्तीला आली, ड्रॉइंगं संपेचनात.
आता पुन्हा कोस्तास सरांचं पुस्तक. सर अरादला आमच्याच इमारतीत राहतात, खालच्या मजल्यावर. निवृत्त मरीन इंजिनियर. अर्धं आयुष्य इथे बहारीनमध्ये गेलं, लिहितात मात्र आपल्या ग्रीक बेटावरच्या गावाचा इतिहास. इंग्रजीत, कारण नातवंडांना ग्रीक वाचता येत नाही. नकाशे नि वंशावळ माझ्याकडे. येत्या रविवारी छपाईला जाणार.

९ फेब्रुवारी
वंशावळ काढली. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव, ही त्यांची रीत. म्हणून कोस्तास, निकोलास, कोस्तास, निकोलास, कोस्तास. शेवटचे आमचे सर.
पुस्तक सुरू होतं ते त्यांच्या आजोबांनी बांधलेल्या दगडी धक्क्यापासून. तिथे कोरलंय: निकोलासचा मुलगा कोस्तास. बांधताना आजोबांच्या हाताचं बोट दगडाखाली गेलं, हे सर दर वेळी सांगतात.
पण तिसऱ्या प्रकरणातल्या वादळात गावच्या होड्या याच धक्क्याला बांधलेल्या. आणि चौथ्यात आजोबा जन्मले ते त्याच वादळाच्या रात्री!
म्हणजे बांधणारे आजोबांचे आजोबा; तेही कोस्तासच, आणि रीतीप्रमाणे त्यांचे वडीलही निकोलास. पुन्हा पुन्हा तपासलं. माझी चूक नाही.
मैत्रीला विचारलं, सांगू का? "ऑफ कोर्स, आई. इट्स हिस्टरी." लेकीला सोपं आहे.

११ फेब्रुवारी
सांगितलं. त्यांची कॉफी तशीच निवली.
"माझं बेट पाहिलंयस कधी?"
"नाही, सर. पण तिसरं प्रकरण तुमचंच आहे."
वंशावळीचा कागद ओढून घेतला, नावं मोजली. मग एकदम, "आणि बोटाचं काय?"
माझा मुद्दा बरोबर होता. सूर बरोबर होता का...

१३ फेब्रुवारी
जिन्यात सर भेटले. खुशीत.
"यल्ला, चल, तोड निघाली! 'माझे आजोबा' हे शब्द काढून टाक. नुसतं लिही, निकोलासचा मुलगा कोस्तास याने बांधला. खोटं आहे?"
"नाही. पण वाचणारा तुमचे आजोबाच समजेल."
"समजू दे. आमच्या गावात घरटी एक कोस्तास आहे." मग, "तुझ्या आजोबांनी काय बांधलं?"
"गावातल्या विहाराचा चौथरा." मी लगेच.
"दगडावर नाव?"
"नाही."
"मग कोण म्हणतं?"
"घरचे."
"खलास!" हसत हसत खाली गेले. वस्ताद म्हातारा.
त्यांचं वाक्य खरं आहे, प्रामाणिक नाही. याबद्दल मनात शंका नाही. आजोबांचे आजोबा, असं स्पष्टच लिहायला हवं. पण चौथऱ्याची गोष्ट मीही मैत्रीला किती वेळा सांगितलीय, आणि कधी कुणाला विचारलं...

उद्या: सरांना उत्तर देण्याआधी गावी आत्याला फोन. चौथरा नक्की कोणी बांधला, विचारणे.