जुन्या मापाची बंडी

प्रिय आई,

प्रिय लिहिताना पेन जरा अडखळलं, पण असू दे. पंधरा दिवसांपूर्वी धाकटा येऊन गेला. तू नातीसाठी दिलेलं बोचकं त्याने तिच्या हातात ठेवलं, ती ते उड्या मारत आत घेऊन गेली, आणि हा इथे दोन कप चहा पिऊन मला शिकवून गेला, की आई आता थकली, तिच्याशी जरा गोड बोलत जा. शिकवायला त्याचं काय जातं! सुट्टीत नातीला महिनाभर माझ्याकडे पाठव, हा तुझा निरोपही त्याने दिला. फोनवर तू तेच विचारलंस आणि मी बघू म्हणून टाळलं. फोनवर आपल्या दोघींचं बोलणं हवापाण्याच्या पुढे सरकत नाही, म्हणून लिहितेय. उत्तर देणार आहे, पण आधी थोडं मागचं बोलू दे. मधेच चष्मा काढून पत्र खाली ठेवू नकोस.

आपली पुढची खोली आठव. खिडकीपाशी तुझं शिलाई मशीन, भिंतीला लांब आरसा, कोपऱ्यात कातरणांची टोपली. मापाला उभ्या राहिलेल्या बायकांशी तू किती छान बोलायचीस! कोणाला म्हणायचीस, अंग भरलंय हो, टक्स वाढवून घेते, बघा कसं बसतंय ते. कोणाला दटावायचीस, पोक काढू नका, ताठ उभ्या राहा, नाहीतर कपडा चुकेल आणि बोल मला लागेल. जाड, बारीक, पोटुशी, कोणाच्याच अंगाला तू कधी नाक मुरडलं नाहीस. मी दप्तर मांडीवर घेऊन दारात बसायचे आणि वाट बघायचे, की आता कधीतरी तू मलाही असंच आरशासमोर उभं करशील.

मला पाळी आली त्या दिवशी मी तुझ्यापाशी आले, तेव्हा तू मशीनचं चाक हाताने थांबवलंस, टोपलीतली मऊ कातरणं निवडलीस, त्यांच्या घड्या करून माझ्या हातात दिल्यास. घाबरू नकोस, एवढंसुद्धा तुझ्या तोंडून निघालं नाही. म्हणालीस, आता पळापळ बंद. बाकीचं मी वर्गातल्या एका मुलीकडून ऐकलं, तेही निम्मं चुकीचं. कित्येक दिवस माझी खात्री होती, की मला कसलातरी मोठा आजार झालाय आणि तू तो माझ्यापासून लपवतेयस.

त्याच सुमारास तू मला पहिली बंडी शिवलीस. कपड्यांच्या आत घालायची, जाड कापडाची, दुहेरी, छातीला जागा देणारा एकही टक नसलेली, पाठीवर हुकांची रांग. माप घेतलं नाहीस. आदल्या वर्षीचा माझ्या मापाचा कापून ठेवलेला कागद खिळ्याला टांगलेला होता, तोच अंथरून कापड कापलंस. तो कागद कापताना तुझी कात्री घसरली होती, त्यामुळे डाव्या काखेचा काप उगाच खोल गेलेला. गिऱ्हाइकांच्या कपड्यात आत वाढीव कापड सोडायला तू कधी विसरायची नाहीस, माझ्या बंडीत बोटभरही सोडलं नाहीस. सकाळी मी श्वास सोडायचे आणि तू हुक लावायचीस. पुढच्या वर्षी नवी शिवलीस, ती त्याच कागदावर. त्याच्या पुढच्या वर्षीही.

धाकटाही वाढतच होता की. बाबा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने त्याची उंची आखायचे. त्याचा आवाज फुटला तेव्हा तू हसून हसून डोळे पुसलेस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलीस. त्याच्या प्रत्येक पँटला खाली भरपूर कापड दुमडून ठेवायचीस. वाढत्या अंगाचं पोर आहे, म्हणायचीस. माझं अंग काही वाढतं नव्हतं, ते नुसतं सुटलेलं होतं. केवढी सुटलीये ही, हेच ना तुझे शब्द? मी थोरली होते, पण ती फक्त भांडी घासायला.

आणि ती धावण्याची शर्यत. पळापळ बंद म्हणालीस तरी मी शाळेत चोरून धावायचे, कारण तेवढं एकच मला येत होतं. त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होते. अर्ध्या वाटेत छातीत हवा शिरेना, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मातीत पडले. खेळाच्या बाईंनी मला खोलीत नेऊन हुक काढले. पाठीवर लाल वळ, काखेखाली कातडी सोलवटलेली. त्यांनी तुला बोलावून घेतलं. तू गळ्यात टेप तसाच ठेवून धावत आलीस. मला वाटलं, आता तू रडशील, मला जवळ घेशील. बाईंनी विचारलं तशी तू शांतपणे म्हणालीस, काय करू बाई, हिलाच घट्ट हवं असतं, माझं ऐकतच नाही. मग माझ्याकडे बघितलंस. मी हो म्हणून मान हलवली. बाईंनी मलाच समजावलं, असं करू नये बाळा. घरी येताना तू मला बिस्किटांचा पुडा घेऊन दिलास आणि तो विषय संपला. वळ गेले, आई. ते वाक्य काही जात नाही.

त्यानंतर मी खांदे पुढे घेऊन चालायला लागले. मैत्रिणी आपापल्या अंगाबद्दल कुजबुजायच्या, खिदळायच्या. मी तिथून उठून जायचे आणि त्या मला शिष्ट म्हणायच्या. वर्गातला एक मुलगा मला आवडायचा. त्याने एकदा नुसतं पेन मागितलं, तर मी दप्तर छातीशी कवटाळून भिंतीला चिकटले. पुन्हा त्याने काही मागितलं नाही. अजूनही माझी पाठ दुखते. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुम्हाला लहानपणापासून वाकून बसायची सवय दिसते. मी हो म्हणते. हिलाच सवय.

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. बायकांबरोबर त्यांचे नवरे, दीर, भाऊ यायचे, पुढच्या खोलीतल्या बाकावर ठाण मांडायचे, आणि मी पाणी घेऊन आले की त्यांच्या नजरा माझ्यामागे फिरायच्या. तू ते डोळ्यांत तेल घालून बघत होतीस. तो बाक उचलून दाराबाहेर टाकायचं सोडून तू मला आवळलंस. गिऱ्हाईक तुटलं असतं ना. मी कुठे तुटून जाणार होते!

आता तुझं उत्तर. काल सकाळी तुझी नात बेसिनपाशी दात घासत होती. खांदे पुढे, मान खाली, पाठीला बाक. मी सहज तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बोटांना हुक लागले. बोचक्यातून बंडी निघाली होती आणि पोरगी पंधरा दिवस ती मुकाट घालत होती. टोचत नाही का म्हटलं, तर म्हणाली, टोचते, पण आजीने स्वतः शिवलीये, नाही घातली तर तिला वाईट वाटेल. आणि मग हळूच विचारलं, आई, मी जरा जास्तच वाढलेय का गं? मी तिला समोर बसवलं आणि एकेक टाका उसवला. डाव्या काखेचा काप उगाच खोल होता. माझाच कागद, आई. इतकी वर्षं जपून ठेवलास. उसवलेलं कापड सोबत पाठवतेय, टोपलीत टाक. नात सुट्टीत तुझ्याकडे येणार नाही. तूच इथे ये. टेप घेऊन ये, कागद नको. तिला आरशासमोर ताठ उभी कर, गिऱ्हाइकांशी बोलायचीस तसं तिच्याशी बोल, तिच्याकडे नीट बघ आणि माप घे. ते जमलं, तर पुढच्या सुट्टीचं बघू. आणि तिचं झाल्यावर टेप लगेच गुंडाळू नकोस. मीही उभी राहीन.

तुझीच लेक,
थोरली