थीलेनचा झुपका, माझी खरवड

हेल्गोलांड, ११ मार्च १८९३

बर्लिनहून थीलेन आला. पहिल्याच ओहोटीला खडकांवर गेला आणि नवं शेवाळ घेऊन परत! तपकिरी झुपका, पंख्यासारखा. मी इथे वर्षानुवर्षं गुडघे झिजवले, तेव्हा मला सापडली दगडाला चिकटलेली शेवाळाची काळी खपली. तिचं वर्णन छापलं, नाव दिलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. माझी बायको ओटिली तिला दुधाच्या भांड्यातली खरवड म्हणते. आणि झुपका पाहून? "अगं बाई, किती देखणा!"

२ एप्रिल

ओटिली त्याचे झुपके कागदावर घेते. परातीत पाणी, पाण्यात झुपका, खालून कागद सरकवून अलगद उचलायचा. शिकवलं मी! माझ्या खरवडीला छिन्नी लागते, म्हणून तिकडे वळतही नाही.

जेवताना विचारलं, "नाव काय ठेवणार?"

थीलेन हेरिंग माशाचे काटे काढत हसला. "छापून आल्यावर बघा की, रोसकांप."

ओटिलीही हसली. तिला माहीत आहे. वनस्पतीला स्वतःचं नाव द्यायची आम्हा वनस्पतिशास्त्रज्ञांत रीत नाही, दुसऱ्याने द्यावं लागतं. माझं अजून कुणी दिलेलं नाही. हा ठेवणार 'ओटिलिया' — पैज लावतो. जळतोय मी, दुसरं काय!

९ एप्रिल

त्याच्याकडे झुपका मागितला. "एक कशाला, दोन घ्या." त्याचे बीजाणू बशीत पेरले. हे कुठलं तरी जुनंच शेवाळ निघणार. मी काढणार.

१४ जून

बशीत झुपका उगवलाच नाही. खरवड उगवली — माझी खरवड! दोन वनस्पती नाहीतच. आई झुपका, लेक खपली. आणि नियम साधा आहे: आधी छापलेलं नाव टिकतं, नंतरचं रद्द. माझं राहणार, त्याचं जाणार. बसा आता ओटिलिया कुरवाळत.

लेख सकाळच्या बोटीने धाडला. दोघांनाही सांगितलेलं नाही. ओटिली म्हणाली, "आज शीळ घालतोयस?"

२७ जून

थीलेनचा लेख छापून आला. ओटिलीने पान उघडून पुढ्यात धरलं. "बघ तरी! तुझ्यासाठी किती दिवस तोंड मिटून होतो आम्ही." थीलेन दारात टोपी हातात घेऊन उभा होता, लाजल्यासारखा.

झुपक्याचं नाव — रोसकांपिया.

माझा लेख पुढच्या अंकात येतोय.