बन्नूरच्या पंपांचा पूर्वपक्ष

सरस्वतीपुरम, म्हैसूर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. मृण्मयीस,
दिगूकाकाचे आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, आणि मेसेजपुढच्या निळ्या खुणांचा अर्थ लावायला आमच्या पाठशाळेत शिकवत नाहीत. म्हणून कागद घेतला. उद्या काकू बन्नूरच्या बसने डबा घेऊन येईल, तिच्याच पिशवीत हे पत्र घालतो आहे. आधी साटोऱ्या खा, मग वाच. भुकेल्या माणसाकडे क्षमा मागू नये.

इकडे सर्व क्षेम. दसरा झाला, रोषणाईच्या माळा उतरल्या. तुझी स्कूटर मी अधूनमधून चालू करून ठेवतो. ती चालू होते आणि मी दचकतो. बैठकीतला पंखा तू गेल्यापासून कुरकुर करतो. घरात विद्युत अभियांत्रिकीत पीएचडी करणारी पुतणी असताना त्याची हिंमत झाली नव्हती. तू त्याला कधी हात लावला नव्हतास, हा भाग वेगळा. काकू इलेक्ट्रिशियनला बोलावू देत नाही. म्हणते, "ती आली की बघेल."

तिकडच्या बातम्या काकू आणते त्या तुटक. तुंगम्माच्या माडीवर खोली घेतली आहेस, सकाळीच सबस्टेशनवर जातेस, वाळली आहेस. डबा घासून परत येतो. निरोप येत नाही.

तुला तुझाच विषय सांगणं हा आगाऊपणा आहे, पण मला तो किती कळला होता, हे तुला कळायला हवं. खेड्यापाड्यांतल्या वीजवाहिनीवर कुठे तार तुटली, कुठे जमिनीला टेकली, हे नुसत्या प्रवाहाच्या चढउतारावरून ओळखायचं, ही तुझी पद्धत. मी म्हटलं होतं, धूर पाहून अग्नी ओळखणं आम्ही तर्कशास्त्रवाले नैयायिक कधीपासून करतो आहोत, यात नवीन काय? तू म्हणालीस, "काका, तुमच्या अग्नीला मीटर लावला होता का कुणी?" त्या दिवशी मी हरलो आणि फार खूश होतो.

मग जुलैतला तो खुला सेमिनार. प्रबंध सादर करण्याआधीची सभा, कुणीही यावं, कुणीही विचारावं. मी जरीचं उपरणं घेऊन दुसऱ्या रांगेत. तू बोललीस ते छानच. अध्यक्षांनी शंका विचारा म्हटलं, तर सगळे मागच्या समोशांकडे पाहू लागले.

आमच्या वाक्यार्थसभेत, म्हणजे पंडितांच्या शास्त्रचर्चेत, असं झालं तर बोलणारा अपमान झाला म्हणून घरी जातो. तिथे गुरू सर्वांत कठीण पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूची शंका, आपल्या सर्वांत लाडक्या शिष्यापुढे टाकतो, की त्याने तो खोडावा आणि सभेने मान डोलवावी. माझ्या पोरीची सभा मुकी जाणार, हे मला बघवेना. उठलो. सभा म्हणून तुला 'तुम्ही' म्हटलं. विचारलं, बन्नूरला वीज जाऊन परत आली की शेतातले सगळे पंप आपोआप एकदम सुरू होतात, प्रवाह उसळतो. तुमची पद्धत त्यालाच बिघाड समजत नाही कशावरून?

तू माझ्याकडे पाहिलंस. काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. तू म्हणालीस, "मी ते तपासलेलं नाही."

पेंगणारी समिती तिथे जागी झाली. आणखी एका हंगामाच्या नोंदी आणा, मग प्रबंधाचं बघू. तोवर प्रबंधानंतर तुला जर्मनीत मिळणार असलेली संशोधनाची जागा कशाला थांबते? ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

इथवर काकूलाही ठाऊक आहे. यापुढचं नाही.

शंका माझी नव्हती. मे महिन्यात वीज गेली असताना मागच्या पायरीवर कॉफी पीत तूच मला सांगितली होतीस. "पंपांची भीती वाटते रे काका. वेळ मिळाला की तपासते. कुणाला बोलू नकोस हं." 'तपासते' म्हणालीस, म्हणजे जुलैपर्यंत तपासलं असेल, उत्तर तयार असेल, असं मी धरून चाललो. विद्यार्थ्याने असं गृहीत धरलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

ही झाली चूक. त्यानंतर जे केलं ते नुसती चूक नव्हे. बाहेर तुझ्या गाइड वनजा मॅडम आल्या, हात जोडले, म्हणाल्या की आम्हाला पाच वर्षांत जे दिसलं नाही ते सरांना एकदा ऐकून दिसलं. आणि मी उपरणं सावरून म्हणालो, "न्यायशास्त्र वाचलेलं असलं की दिसतं."

तू शेजारीच होतीस, लॅपटॉपची वायर गुंडाळत. हात थांबला नाही तुझा. पूर्ण गुंडाळून झाली तरी गुंडाळतच राहिलीस. त्याच आठवड्यात तू बन्नूरला खोली घेतलीस, आणि कामासाठी सोयीचं म्हणून, असं काकूला सांगितलंस. मीही ते तसंच इतरांना सांगत आलो.

जर्मनी माझ्या मूर्खपणाने गेली. तुझी शंका मात्र मी उचलून खिशात घातली, तुझ्या डोळ्यांदेखत.

मॅडमकडे जाऊन खरं सांगावं, म्हणून परवा चप्पल घालून फाटकापर्यंत गेलो. मग सुचलं, त्या विचारतील, मुलीला माहीत होतं तर तिने लपवलं का? पुन्हा माझंच तोंड आणि तुझंच नुकसान. परत फिरलो. चांगलं वाटावं म्हणून मी काहीही करायला निघालो की आधी तुला विचारावं, एवढं शहाणपण या वयात आलं आहे. म्हणून विचारतो, आणि या वेळी सभेत नाही.

सांगू का मॅडमना?

उत्तर डब्यातून पाठव. दिवाळीला यायचं की नाही तेही तूच ठरव. डबा नुसता घासून आला, तर ते उत्तर धरेन आणि पुन्हा विचारणार नाही.

तू सांगेपर्यंत तोंड मिटून बसलेला,
तुझा दिगूकाका