मार्टाबाईंची नदी

स्टेट कॉलेज,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. सुजाताआत्यास,
हर्षिताचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनऐवजी पत्र आलेलं पाहून दचकू नकोस. माझी रूममेट चारुता आमच्याच डिपार्टमेंटची, तिला मराठी कळतं, आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

मार्टाबाईंबद्दल तुला मागे सांगितलं होतं. बाई स्लोव्हेनियाच्या. तिकडच्या निळ्या नद्या आणि धुकं जलरंगात रंगवायचं, मग तेच चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापायचं, यातच त्यांची हयात गेली. युरोपात त्यांचा निळा रंग लोक लांबून ओळखतात. इथे त्या पाहुण्या प्राध्यापक आहेत, आणि शाई कालवायला, छपाई करायला मी त्यांच्या हाताखाली. फेब्रुवारीत न्यूयॉर्कला त्यांचं प्रदर्शन आहे.

पण आत्या, बाईंना मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन प्रदर्शनानंतरच करणार म्हणतात. इथल्या सस्क्वेहाना नदीची त्यांनी केलेली चित्रं सगळी गढूळ तपकिरी आहेत, आणि शाईही तशीच कालवायला सांगतात. त्यांना निळा धड दिसतच नसणार. एवढं नाव कमावलेल्या बाईंचं हसं होईल या विचाराने माझी झोप उडालीय. त्यांना सांगू तरी कशी?

रवीकाकांना जय भीम. तुझी माया आहेच, ती उत्तर लवकर पाठवून दाखव.

तुझी,
हर्षिता


पार्सिपनी,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. हर्षितास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकीट पाहून तुझे काका म्हणाले, पोरीने परस्पर लग्नबिग्न ठरवलं वाटतं. मी म्हटलं, तेवढं आपलं नशीब कुठलं.

बाईंना तोंडावर काही सांगू नकोस. माझ्या सासूबाईंच्या जिभेची चव गेली तेव्हा आमटीत मीठ दुप्पट पडायचं. ताटं वाढायच्या आत मी गुपचूप पाणी-डाळ घालून ती सारखी करायचे. शेवटपर्यंत त्या आपल्या हाताच्या चवीवर खूश होत्या. मोठ्या माणसाचा मान असाच राखायचा असतो. शाई तूच कालवतेस ना? मग घाल त्यात निळी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नुसत्या नूडल्सवर राहू नकोस. एडिसनच्या देशी दुकानात गेले होते तेव्हा तुझ्यासाठी भाजणी आणलीय. जिवाला जप, आणि या म्हातारीवरचा लोभ सोडू नकोस.

तुझी आत्या,
सुजाता


स्टेट कॉलेज,
९ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

मी तुझं ऐकलं होतं. सगळ्या प्रती निळ्या छापल्या. बाईंनी त्या डोळ्यांजवळ धरून पाहिल्या आणि खाली पेन्सिलने सह्या केल्या. प्रती पुऱ्या झाल्या की पत्र्यावर खोल रेघ खरवडतात, म्हणजे पुन्हा कोणी त्यावरून छापू नये. ती रेघही मीच ओढली. न्यूयॉर्कला तू आलीस तेव्हा ऐकलंसच, बाईंचा तोच निळा, जराही बदल नाही, असं जो तो म्हणत होता. बाई मधूनच उठून बाहेर जाऊन बसल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

गेल्या महिन्यात त्यांचं ऑपरेशन झालं. काल स्टुडिओत आल्या, भिंतीवरचं जलरंगातलं चित्र पाहिलं, मग टेबलावरची छापील प्रत पाहिली आणि विचारलं, शाई कोणी बदलली. मी खरं ते सांगितलं, का बदलली तेही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, सगळं पुसट दिसत होतं हे खरं, पण तपकिरी मी जाणूनबुजून निवडली होती. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे निळाच मागितला आणि मी देत राहिले. या गढूळ नदीकाठी पहिल्यांदा वाटलं की अजून काही नवं करता येईल. लोकांना आवडलं नसतं तरी चाललं असतं, म्हणाल्या.

मला रडू आवरेना. पुन्हा छापू या म्हटलं, तर त्यांनी रेघ ओढलेला पत्रा माझ्यासमोर ठेवला.

मग प्रदर्शनातून परत आलेल्या प्रती पुढ्यात घेऊन त्यांनी एकेकीवरची आपली सही खोडरबराने पुसली, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. म्हणाल्या, हे काम तुझं आहे, सही तू कर.

चित्राखाली आपली सही असावी म्हणून तर मी घर सोडून इतक्या लांब आले, आत्या. पण मला ती सही करवली नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. तूही माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हर्षिता