तुमच्या डब्यातली मी कुठली?

प्रिय अहो,

हसू नका. पत्राची सुरुवात 'अहो'नं कुणी करतं का, असं म्हणाल. पण लग्न झाल्यापासून तुम्हाला दुसरं काही म्हटलंय का मी? मग आता नवीन कुठून आणू?

पत्र लिहायला बसले ते तुमच्या हिरव्या डब्यामुळे. निरंजन एडिनबराहून आला होता, गॅरेज आवरायला. आई एकटी राहते, निदान पसारा तरी कमी करू, असं त्याचं चाललेलं. तुमचाच लेक! पेंटचे जुने डबे टिपला, इथल्या कचरा डेपोवर, नेऊन टाकले, बंद पडलेला लॉनमोअर गेला, आणि मग त्यानं तो फिशिंगचा डबा उचलला. "हा बाबांच्या फिशिंगवाल्या टेरीअंकलना देऊन टाकू ना?" म्हणाला. मी इतक्या जोरात "ठेव खाली तो!" म्हणून ओरडले की पोराच्या हातून पडायचाच राहिला.

"अगं पण आई, तुला काय करायचाय तो?"

काय सांगू त्याला? मला त्यात मी अजून सापडले नाहीये, असं?

तुम्ही मात्र मजेत असाल. सगळा घोळ करून ठेवलात आणि निघून गेलात! मासे पकडायचे ते खोटे मासे, रबराचे, पत्र्याचे, लाकडाचे. लेस्टरमधली बाकीची माणसं त्यांना लूर म्हणतात. तुम्ही त्यांना आपलं सगळं गणगोत बनवून टाकलंत. पोपटी रंगाची, पोटात खुळखुळा असलेली ती सुलूआत्या. नॅरोबोट, कॅनॉलवरची ती लांबुळकी बोट, नुकती गाळ ढवळून गेली, पाणी चहासारखं झालं, की आत्याला बाहेर काढायचं. "माशाला दिसत नसलं म्हणून काय झालं? आत्या आलेली कळतेच!" ऊन असलं आणि पाणी नितळ असलं की बेबीवहिनी, ते गरगर फिरणारं चांदीचं पातं. वहिनी लग्नाला निघाल्यात असंच वाटायचं त्याच्याकडे बघून.

आणि नानामामा! काळा, जाडा रबरी किडा. थंडीत मासे तळाशी सुस्त पडून असतात, तेव्हा मामांना खाली सोडायचं आणि काही म्हणजे काही करायचं नाही. "पडू दे त्यांना. मधेच जरा कूस बदलली की पुरे." मामांना कळलं असतं तर? आणि पाईक माशासाठी तो वीतभर लांबीचा, झगमगीत जावईबापू, सगळ्यात महागाचा. त्यांना म्हणे तारेला बांधावं लागायचं, कारण पाईक दातांनी दोरा कापतो. वर्षातून एखादवेळी बाहेर पडायचे, तेही मानपान घेऊन.

शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून हे सगळे नातेवाईक पुसत बसायचात. मी भांडी विसळता विसळता विचारायची, "आणि मी कुठली हो ह्यांच्यात?" तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, "शोध की!" बास. दर वेळी तेवढंच. चिडवायची हौस भारी तुम्हाला!

तसं पाहिलं तर तुमचं सगळं फिशिंगच उफराटं. तुम्ही सदाशिव पेठेतले, मासा बघून नाक मुरडणारे. मी चिपळूणची, बांगड्याशिवाय ज्या घराचा रविवार उगवत नव्हता त्या घरातली. आणि आपल्याकडे कोण पहाटे उठून मासे धरायला जाणार? तर तुम्ही! बरं, धरलेला मासा घरी आणाल तर शपथ. हात ओले करून धरायचा, हळूच गळ काढायचा, आणि परत पाण्यात. पहिल्या वेळी मी हळद-मीठ काढून बसले होते. तुम्ही आलात ते नुसते चिखलाचे बूट घेऊन. "अगं, सोडला. छान पोहत गेला." अस्सा राग आला होता! मग मी बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून फ्रोझन सुरमई आणून खाल्ली, तुमच्या समोर बसून, मुद्दाम.

पण माझी खरी तक्रार वेगळीच होती, आणि ती तुम्हाला चांगली माहीत होती. मी हॉस्पिटलच्या रिसेप्शनला. दिवसभर वेटिंग रूममध्ये उभी राहून लोकांची नावं पुकारायची. आणि घरी आलं की माझं नाव काय? 'अगं'. 'ऐकलंस का'. मंडळात गेलं की 'आमची ही'. शेजारची बाई नवऱ्याला वरच्या मजल्यावरून नावानं हाका मारायची, तो खालून तिला मारायचा, भिंतीतून सगळं ऐकू यायचं. एकदा न राहवून म्हटलं होतं मी, "कुंदा म्हणा ना हो एकदा. आईबापांनी ठेवलंय, गंजून चाललंय." आठवतंय काय म्हणालात? "नाव कशाला घ्यायचं? तू समोरच तर आहेस."

 बरं, मी तरी तुमचं नाव कुठं घेत होते? लग्नात उखाण्यात घेतलं, पासपोर्टच्या फॉर्मवर लिहिलं, संपलं.

आणि मग फेब्रुवारीतली ती सकाळ. तुम्ही गॅरेजमधून ओरडलात, "अगं, ऐकलंस का, फ्लास्क कुठं ठेवलास?" मी किचनमधून ओरडले, "असेल तिथंच, डोळे उघडून बघा!" अहो, हे का शेवटचं बोलणं असतं? फ्लास्क माझ्याच ओट्यावर होता. तो भरून घेऊन आले तर तुम्ही स्टुलावर भिंतीला टेकलेले, एक वेलिंग्टन बूट पायात, एक हातात.

ॲम्ब्युलन्समधून आलेली ती पॅरामेडिक मुलगी तुमच्या छातीवर जोर देत होती. मला म्हणाली, "बोल त्यांच्याशी, लव्ह. नावानं हाक मार. ऐकू येत असेल त्यांना." आणि मी? मी आपली "अहो, अहो" करत राहिले. नाव ओठांवर येत होतं आणि आत जात होतं. आयुष्यभर लोकांची नावं पुकारली मी, आणि तेव्हा एक नाव तोंडातून फुटलं नाही! अजून झोपेतून दचकून उठते त्या आठवणीनं. नावानं हाक मारली असती तर वळून बघितलं असतंत का हो? डॉक्टर म्हणाले काही फरक पडला नसता. ते म्हणणारच.

असो. निरंजन डबा ठेवून परत गेला, आणि मी तुमच्या सगळ्या कप्प्यांत हात घातला. बोटांना गळ टोचून घेतले. आत्या, वहिनी, मामा, जावईबापू, मुंबईची मावशीसुद्धा सापडली, ती पाण्यावर तरंगत पुढं पुढं करणारी. मी नाही. मग ठरवलं, टेरीलाच विचारायचं. इतकी वर्षं तो ट्रकवाला तुमच्या शेजारी बसला, त्याला माहीत असणारच. रविवारी तुमचा कोट चढवला, रॉड, जाळी आणि डबा घेतला आणि कॅनॉलवर गेले. तुम्ही किती वेळा म्हणायचात, "येतेस का?" आणि मी म्हणायची, "त्या चिखलात? मी?" आलेच शेवटी. तुम्ही नसताना.

टेरी आपल्या पुलाच्या अलीकडच्या बाकावर होता. मला बघून उठून उभा राहिला, टोपी काढली. मला रडू येणार असं दिसल्यावर घाईघाईनं म्हणाला, "आलीच आहेस तर टाकून बघ एकदा."

पाणी बघितलं मी. बोट गेलेली, सगळं गढूळ. म्हटलं, आत्या! टेरी हसला, म्हणाला, अगदी त्याच्यासारखीच बोललीस. आत्या खुळखुळत गेली आणि खुळखुळत परत आली, कुणी ढुंकून बघितलं नाही. पानं मात्र अडकून आली. मग पाणी जरा निवळलं, तर बेबीवहिनी. त्यांच्यामागं एक छोटा पर्च काठापर्यंत आला, आणि माझी सावली बघून पळाला. मी म्हटलं, गारठाय, ह्यांना धावायचंच नाहीये. मामांना काढा! टेरीनं शिशाचा मणी असलेला गळ लावून दिला, आणि पुलाच्या सावलीत, भिंतीला चिकटून मामांना खाली सोडलं. तळ लागेपर्यंत दोरा सैल. मग काही करायचं नाही. तुमची सगळी शिकवणी पाठ होती की हो मला! टेबलावर बसून तुम्ही माझ्याशीच तर बोलत होता इतकी वर्षं, आणि मला वाटायचं ह्यांची बडबड चाललीये.

जरा कूस बदलली मामांनी. टक. टकटक. मी ओढलं आणि रॉड वाकला!

अहो, काय ताकद असते त्या जिवात! मी किंचाळले. पट्टेरी पाठ वर आली, लाल पर दिसले, आणि तो परत खाली गेला. दोरा कर्रकर्र वाजायला लागला, माझे हात लटलटायला लागले. आणि टेरी एकदम ओरडला, "कुंदा! व्हेअर्स कुंदा?"

मी म्हटलं, "आय ॲम हिअर!"

टेरी जागच्या जागी थांबला. मग त्यानं वाकून बाकाखालची तुमची लांब दांड्याची जाळी उचलली आणि माशाखाली घातली. मासा वर आला. केवढा तरी मोठा. टेरीचा चेहरा त्या माशाच्या परांपेक्षा लाल झाला होता.

"त्यानं तुला सांगितलं नाही कधी?" त्यानं विचारलं.

नाही सांगितलंत! कधी म्हणजे कधी नाही! मोठा मासा लागला की तुम्ही "कुंदा!" म्हणून हाक मारायचात आणि टेरी जाळी घेऊन धावायचा. पहिल्यापासून. पलीकडच्या काठावर बसणारा म्हातारा जाळीला कुंदाच म्हणतो, बोटीवर राहणारी ती बाईसुद्धा. अख्ख्या कॅनॉलला माझं नाव पाठ, आणि घरात मी 'अगं'!

मी टेरीला विचारलं, जाळीलाच का? डब्यात एवढी छान छान पाती होती, त्यातलं एखादं नाही का सुचलं? टेरी म्हणाला, मीही विचारलं होतं. तर तुम्ही म्हणालात, डब्यातले सगळे माशाला फसवायला. काठापर्यंत आणतात आणि मग त्यांचं काम संपतं. हात थरथरतात, दोरा तुटायला येतो, एकट्याला आवरत नाही, तेव्हा जी लागते तिचं नाव कुंदा.

मी तिथंच ओल्या गवतावर बसले आणि हमसून हमसून रडले. टेरीनं मासा जाळीतच पाण्यात धरून ठेवला होता. "तू सोडतेस का?" म्हणाला. मी हात ओले केले. काटा टोचलाच, पण सोडला मी त्याला. छान पोहत गेला.

मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? रागावले असते, हो. "जाळी? मी जाळी होय!" म्हणून तुमच्याशी बोलणं टाकलं असतं. आणि मग राग गेल्यावर हळूच म्हटलं असतं, हाक कशी मारता ती मारून दाखवा ना. बदकांनी ऐकली, टेरीनं ऐकली, बोटीतल्या बाईच्या कुत्र्यानंसुद्धा ऐकली असेल. मी एकटीच राहिले. एवढी एक हाक घरी आणता आली नाही तुम्हाला?

पण मला आता कळलंय. मी तिथं नव्हते, म्हणून नाव लागत होतं.

निरंजनला फोन करून सांगितलं, डबा कुठं जायचा नाही. "म्हणजे तू आता फिशिंग करणार?" म्हणून तो हसत सुटला. करणार! रॉडचं लायसन्स काढलंय. फ्लास्क मीच भरणार आहे, त्यामुळे तो कुठं ठेवलाय हे कुणाला विचारावं लागणार नाही. मामांचं शेपूट तुटलंय, नवीन मामा आणावे लागतील. जाळी धुऊन वाळवून दाराशी उभी केली आहे.

आणि एक वचन देते तुम्हाला. ह्या रविवारी मासा लागला ना, की मी जाळीला माझ्या नावानं हाक मारणार नाही. मलाच मी काय हाक मारू? तुमच्या नावानं मारणार. वेटिंग रूममध्ये मारायची तशी, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशी. टेरी दचकला तर दचकू दे. तेव्हा गॅरेजमध्ये जे जमलं नाही, ते मी पुलाखाली उभी राहून करणार आहे. काल किचनमध्ये एकदा म्हणून बघितलं. आवाज चिरकला, पण निघालं.

तुम्हीच म्हणाला होतात ना, समोर असलेल्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं? आता तुम्ही समोर नाही.

ऐकलंत का, सुधाकर?

तुमची,
कुंदा