ढिगाऱ्यालगतची खोली

प्रिय छोट्या,

फोनवर बोलता येत नाही. तुझा फोन आला की आई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसते आणि मी "सगळं ठीक" म्हणेपर्यंत नजर हलवत नाही. म्हणून लिहितेय.

शेजारच्या प्लॉटचं काम तुला मिळालं तेव्हा तू ताटलीत ओली माती घेऊन आईला समजावलं होतंस. खाली पाण्यानं भरलेली मऊ चिकणमाती. खोल खांब ठोकले तर हादऱ्यांनी आपल्या जुन्या भिंती तडकतील. त्यापेक्षा जमिनीत पाणी वाहून नेणाऱ्या लांब प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या खुपसायच्या, वर मातीचा ढिगारा रचायचा आणि त्याच्या वजनानं पाणी पट्ट्यांतून वर येऊ द्यायचं. खालची माती घट्ट झाली की ढिगारा उचलायचा, मग इमारत. आई म्हणाली, म्हणजे ओल्या गादीवर तुझ्या मामाला बसवायचं! किती हसलो होतो.

ढिगारा आता आपल्या खिडकीच्या वर गेलाय. आवाज अजिबात नाही. हादरे असते तर निदान कधी घाबरायचं ते कळलं असतं.

आधी आईच्या खोलीचं दार घासायला लागलं. ती म्हणाली, ओलीनं फुगलंय. सुतार रंधा मारून गेला. पुन्हा अडकलं, पुन्हा सुतार. शेवटी तो म्हणाला, आजी, आता दार कमी आणि फट जास्त उरेल. आईनं त्याला चहा पाजला आणि कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं. खिडकीखाली तिनं कपाट सरकवून घेतलंय. त्यामागच्या भेगेत माझं बोट जातं. ढिगाऱ्याखालची जमीन खचतेय, तशी आपली फरशीही प्लॉटकडे उतरतेय. तुझी माणसं ढिगाऱ्यावर मोजमापं घेतात, आपल्या अंगणात कुणी फिरकत नाही.

माझ्या खोलीत झोपायला ये म्हटलं, तर म्हणते, मी खोली सोडली की गल्लीभर बोभाटा होईल, इंजिनिअरच्या आईलाच भरवसा नाही. पोराचं पहिलंच काम आहे, तू तोंड बंद ठेव.

काल दुपारी ती आत असताना दार अडकलं. मी खांदा लावला, हललं नाही. भिंतीतून काहीतरी बारीक गळत होतं, वाळू ओतल्यासारखं. आणि आई आतून सावकाश सांगत होती, घाई करू नकोस, सुतारालाच बोलाव, शेजाऱ्यांना नको. तो येईपर्यंत मी दाराला टेकून बोलत राहिले. त्यानं दार उचकटून तिला बाहेर काढलं.

आज ती पुन्हा त्याच खोलीत आहे. तुझ्या गणितात मी पडत नाही. ढिगारा बरोबर की चूक, तुझं तू बघ. पण माझ्या सांगण्यानं ती उठणार नाही. तू ये, आणि तिच्यासमोर म्हण, आई, माझं चुकलं. तुला पटत नसलं तरी म्हण.

तुझीच,
ताई