चार गाद्या आणि तुझा निरोप

ती. ताईस,

रागावलेली असलीस तरी साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचं पोट? (हा प्रश्न त्यांना वाचून दाखवू नकोस.) चार महिने तू बोलत नाहीस, म्हणून आयतीच संधी साधून मी ऑफिसात काय करतो ते सांगतो. एरवी तू मधेच उठून जातेस.

आम्ही एका गाद्यांच्या दुकानाचं काम बघतो. दुकानात एक कॉम्प्युटर, गोदामात दुसरा, आणि दोघांनी मिळून एकच काम करायचं. गेल्या महिन्यात दुकानाने गोदामाला कळवलं, गिऱ्हाइकाच्या घरी एक गादी पाठव. गोदामाने पाठवली, पण 'पाठवली' हा निरोप वाटेत हरवला. दुकानाला वाटलं, गेलीच नाही, पुन्हा सांगितलं. असं चारदा. एक निवृत्त हेडमास्तर सध्या चार गाद्यांवर झोपतात आणि उतरायला स्टूल घेतात. परत द्यायलाही तयार नाहीत (म्हणे, जन्मात पहिल्यांदा कोणी त्यांचं इतकं मनावर घेतलं).

साहेबांनी मला धारेवर धरलं. मी म्हटलं, दोष आमच्या प्रोग्रामच्या भाषेचा आहे. ती सगळे एकाच खोलीत बसलेत असं धरून चालते; हाक मारली की कोणीतरी ओ देणारच. लांबच्या कॉम्प्युटरचं तसं नसतं. म्हणून मी नवी भाषा मांडतोय. तिच्यात निरोप पाठवतानाच लिहावं लागतं, की उत्तर आलं नाही तर किती थांबायचं आणि काय समजायचं. शिवाय तेच काम दोनदा सांगितलं तरी एकदाच व्हायचं. आणि 'हो', 'नाही' यांच्या जोडीला 'माहीत नाही' हेही उत्तर चालतं. साहेब म्हणाले, 'माहीत नाही' ऐकायला तुला पगार देतो का? तेव्हा मी तुझं उदाहरण दिलं. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ये, असा तू मोबाइलवर निरोप पाठवलास, तो वाटेत हरवला, तू 'नाही' समजलीस आणि दिवसभर दवाखान्याच्या बाकावर एकटी बसलीस. साहेब विरघळलेच. (त्यांनाही बहीण आहे.) भाषेला सहा महिने मिळाले. श्रेय तुझं.

बाबांना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. हे पत्र पोस्टाने, ईमेलने आणि भाऊजींच्या हाती, असं तिन्हीकडून पाठवतोय. तिन्ही पोचली तरी एकदाच रागाव.

ता. क. २. ताई, तुझा निरोप हरवला नव्हता. पोचला होता, मी वाचलाही होता. मीटिंगमध्ये होतो, नंतर उत्तर देऊ म्हटलं आणि साफ विसरलो. संध्याकाळी आठवलं तेव्हा इतकी लाज वाटली की पोचलाच नाही असं ठोकून दिलं. चुकलं माझं. मंगळवारी बाबांचा दुसरा डोळा आहे, ते फोनवर म्हणाले. मी रजा टाकली आहे. सकाळी सातला येतो. बोलली नाहीस तरी चालेल, फक्त येऊ नकोस म्हणू नकोस.